नमुना क्रमांक सात

“सरका गो बायांनो, उजेड येऊ द्या जरा,” ठमाबाई म्हणाल्या आणि पत्र्याच्या ट्रंकेत त्यांनी कोपरापर्यंत हात घातला.

तेराव्याचं जेवण उरकलं होतं. पुरुष बाहेर मांडवात सुपारी कातरत बसले होते. आत, मोहन्याच्या त्या बैठ्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत, सात-आठ बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि समोर रंगूबाईंचा फोटो होता. फोटोतही त्या काहीतरी बोलता बोलता थांबल्यासारख्या दिसत होत्या. ट्रंक सगळ्यांसमोर उघडायची ही त्यांचीच इच्छा, असं ठमाबाईंचं म्हणणं होतं. ठमाबाई मूळ मोहने गावातल्या आगरी, रंगूबाई संगमेश्वराकडून लग्न होऊन आलेल्या. पण दोघींची मैत्री पस्तीस वर्षांची. त्यामुळे त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नव्हतं.

एकेक वस्तू बाहेर यायला लागली. दोन नऊवारी. सहदेवांचं, म्हणजे रंगूबाईंच्या नवऱ्याचं, रेयॉन कंपनीतलं ओळखपत्र. सायकलची घंटी. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं तांब्याचं ताम्हन. बोटाच्या पेराएवढी पितळी डबी. आणि मग, सगळ्यात तळाशी, सपाट ठेवलेला एक कागद.

“हे बगा! रसिकाचा कागद,” ठमाबाईंनी तो डोक्याच्या वर धरला. “प्लाश्टिक मारून घेतलंन रंगूबाईनं. मीच व्हते बरोबर नाक्यावर. झेरॉक्सवाला बोलला, आजी, काय पत्रिका हाय काय? तर ही बोल्ली, पत्रिकेच्या वरताण हाय. सगळ्या बाजूंनी मार. पाण्यात पडला तरी अक्षर जाता कामा न्हाय.”

बायका हसल्या. कागद हातोहात फिरायला लागला.

रसिका स्वयंपाकाच्या ओट्याजवळ उरलेली खीर डब्यात काढत होती. तिने मान वर केली आणि लॅमिनेट केलेल्या कागदावर खिडकीतला उजेड चमकलेला तिला दिसला. कागदावर काय आहे ते तिला वाचायची गरज नव्हती. काजळ आणि सुरमा यांतील शिशाचे प्रमाण. सात नमुन्यांचा तक्ता. नमुना क्रमांक सात, घरगुती काजळ, मोहने: २३.५. तळाला, विश्लेषक: रसिका संदेश शिगवण. त्या नावाखाली लाल पेनाने जाड रेघ ओढलेली होती. आकड्याखाली नाही, नावाखाली.

“केवढी हुशार पोर,” कुणीतरी म्हणालं. “आजीचं नाव काढलंन.”

चमच्यातली खीर डब्याच्या काठावर सांडली. “अगं, लक्ष कुठाय?” सुमती, तिची आई, हळूच म्हणाली. रसिकाने ओल्या फडक्याने काठ पुसला, मग पुन्हा पुसला, स्वच्छ झाल्यावरही पुसतच राहिली.

*

रंगूबाई शिगवण तान्ह्या मुलांना न्हाऊ घालायच्या. बाळंतिणीला तेल लावणं, शेक-शेगडी करणं, तीन महिन्यांपर्यंत बाळाची अंघोळ, हे त्यांचं काम. शिकल्या सासूकडून. कंपनी चालू होती तेव्हा हे शेजारधर्म म्हणून चालायचं. कंपनी बंद पडली आणि चाळीतले पुरुष कट्ट्यावर बसून राहिले, तेव्हा त्याच कामावर घर उभं राहिलं. सहदेवांची सायकल ओटीवर गंजत पडली होती. बावन्नाव्या वर्षी रंगूबाईंनी ती बाहेर काढली, कंपनीच्या मोकळ्या मैदानात शिकल्या, दोनदा गटारात गेल्या आणि तिसऱ्या आठवड्यात कासोटा आवळून अटाळीला पोचल्या. पुढे आंबिवली, शहाड. घंटी वाजवत जायच्या. रस्ता रिकामा असला तरी वाजवायच्या. “लोकांना कळायला नको, मी आले ते?”

पाय पसरून पाटावर बसायचं, बाळाला नडग्यांवर पालथं घालायचं आणि गरम पाण्याचा तांब्या हातात आला की त्यांचं तोंड सुरू व्हायचं. प्रत्येक बाळ म्हणजे ‘साहेब’.

“या साहेब. रात्रपाळी झाली? मुतलात का? शाब्बास. मान वर करा साहेब, भोंगा झाला.”

“अहो रंगूबाई, मुलगी आहे ती,” एकदा कुणाची तरी सासू म्हणाली.

“असू दे. बाई म्हटलं की कोण ऐकतं? साहेबच बरा.” आणि मग बाळाचे पाय धरून, “ह्यांना अख्खा जन्म साहेबांनी उभं केलं. आपल्याला साहेब उलटा धरता येतो, हे काय कमी आहे?”

मुलगा डोंबिवलीला मानपाड्याच्या बाजूला फ्लॅट घेऊन गेला, तरी रंगूबाई चाळीतच राहिल्या. रसिकाच्या लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या तिथे गेल्या. आजी काम करायची आणि रसिका प्रश्न विचारायची. पाणी किती गरम? कोपर बुडवून कसं कळतं? तेल आधी का? आजी कुठल्याही प्रश्नाला ‘गप्प बस’ म्हणायची नाही. माहीत असेल तर सांगायची, नसेल तर म्हणायची, “ते तू शोध आणि मला सांग.” रसिका सायन्सला गेली ती बहुतेक या वाक्यामुळे.

काजळ करायचा दिवस तिला सगळ्यात आवडायचा. दुपारी दारं-खिडक्या ओढून घेऊन आजी एरंडेलाचा दिवा लावायची. दोन बाजूंना दोन वाट्या, वर पालथं ताम्हन. वाऱ्याने ज्योत हलता कामा नये, म्हणून खोलीत कुणी जोरात चालायचं नाही. संध्याकाळी ताम्हन उलटं केलं की मखमलीसारखी काळी काजळी. विड्याच्या पानाने ती अलगद खरवडायची आणि घरच्या लोण्यात घोटायची. प्रत्येक बाळंतिणीला एक डबी. मोहन्यात त्या वेळी असं घर नव्हतं, जिथे रंगूबाईंचं काजळ नव्हतं.

*

ठाण्याच्या कॉलेजात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी रसिकाने प्रकल्प घेतला. बाजारातल्या काजळ-सुरम्यात शिसं किती? विषय चांगला होता. सुरम्यात शिसं असतं, हे सर्वांना माहीत. किती ते मोजायचं. सहा नमुने बाजारातले झाले. सातवा नमुना म्हणून तिने आजीच्या डबीतून चिमूटभर काजळ नेलं. खरं म्हणजे तुलनेसाठी. घरचं शुद्ध, बाजारचं अशुद्ध, असा निष्कर्ष तिने मनात लिहूनही ठेवला होता.

त्या दिवशी उशीर झाला. प्रयोगशाळेतले भगवानकाका गॅसचे सिलिंडर बंद करायला पाच वाजता यायचे. पावणेपाच झाले होते. नमुने जाळायच्या चिनी मातीच्या वाट्या वापरल्यावर आम्लात भिजवून ठेवायच्या असतात, एक रात्र तरी. रसिकाने त्या नळाखाली धुतल्या. आधी त्याच वाट्यांत सुरमा जाळला होता. आजीच्या काजळाची रीडिंग दोन आली. एका वाटीतलं अडतीस, दुसरीतलं नऊ. एकाच डबीतलं, एकाच चिमटीतलं काजळ; आकड्यांत चौपट फरक. तिथेच थांबायला हवं होतं.

रसिकाने सरासरी काढली.

आणि एक रकाना राहिला होता. ब्लँक. म्हणजे तीच भांडी, तेच आम्ल, सगळं तेच, फक्त आत नमुना नाही. त्याचं रीडिंग शून्याजवळ आलं, तरच बाकीच्या आकड्यांना अर्थ. भगवानकाका दारात उभे होते, हातात किल्ल्या. “झालं का ताई?” त्यांनी विचारलं. रसिका म्हणाली, “झालं.” आणि त्या रकान्यात तिने लिहिलं, ०.००.

ब्लँक तिने लावलाच नव्हता.

प्रकल्पाला पहिला क्रमांक मिळाला. ‘धक्कादायक निष्कर्ष’, असं परीक्षकांनी लिहिलं. शनिवारी ती मोहन्याला गेली, ओटीवर बसून आजीला तक्ता समजावून सांगितला. हे शिसं, हे प्रमाण, ही मर्यादा. लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो. बोलणं उशिरा येतं, अभ्यासात मागे पडतात. ती हे सांगत होती तेव्हा तिला आजीचा चेहरा दिसत नव्हता, असं नाही. पण स्वतःच्या आवाजातली खात्री तिला जास्त ऐकू येत होती.

रंगूबाईंनी कागदावर बोट ठेवलं. “हे सात नंबर मी?”

“तू नाही गं आजी. तुझं काजळ.”

“म्हणजे माझ्या हातून गेलं.” मग, “मशीनवर तपासलंस?”

“हो.”

“आणि हे खाली तुझं नाव छापलंय?”

“हो.”

रंगूबाई उठल्या, ताम्हन चिंचेने घासलं, पुसलं, लुगड्यात बांधून ट्रंकेत टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीतल्या बावीसही खोल्यांत त्या स्वतः गेल्या. चपला प्रत्येक दारात काढल्या. “माझं काजळ लावू नका. असेल ते टाकून द्या. त्यात शिसं निघालं. माझ्या नातीनं शोधलं. शिकलेली आहे ती, मशीनवर तपासलंन.” मग सायकल काढून अटाळी. मग आंबिवली. चार दिवस त्या फिरत होत्या, कागद पिशवीत घेऊन. सांगताना त्यांचा आवाज पडायचा, आणि ‘माझ्या नातीनं’ म्हणताना चढायचा. हे ठमाबाईंनीच नंतर सांगितलं, कौतुकाने.

काजळ गेलं, त्यामागोमाग अंघोळीही गेल्या. ज्या हाताने विष दिलं, त्या हातात मूल कोण देणार? तोंडावर कुणी बोललं नाही. ‘आम्ही आता कल्याणची बाई लावलीय’, ‘डॉक्टर नको म्हणतात’, असं. वर्षभरात सायकल पुन्हा ओटीवर उभी राहिली.

तोंडावर बोलली ती एकटी आसावरी. नऊ नंबरच्या खोलीतली. तिची मृणाल तेव्हा दहा महिन्यांची होती, आणि रंगूबाईंनीच तिला न्हाऊ घातलेलं. मृणाल दोन वर्षांची झाली, तीनची झाली, बोलेना. आसावरीने नळावर सगळ्यांदेखत रंगूबाईंना धरलं. काय काय बोलली. रंगूबाई, ज्यांनी कंपनीच्या सुपरवायझरला चपलेने मारायची भाषा केली होती, त्या बादली खाली ठेवून ऐकत उभ्या राहिल्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, “खरं आहे तुझं.”

*

रसिकाला तिची चूक एमएस्सीला असताना कळली. कुणी दाखवून दिली नाही. ज्युनिअर मुलांना ‘भांडी नीट न धुतल्यास काय होतं’ हे शिकवायचं होतं, म्हणून उदाहरण शोधायला तिने स्वतःची जुनी वही उघडली. अडतीस, नऊ. वाट्यांचे नंबर पाहिले. अडतीस आलेली वाटी सर्वांत जास्त शिशाच्या सुरम्याची होती. नऊ आलेली त्याहून कमी शिशाच्या सुरम्याची. आकडे काजळाचे नव्हतेच. वाट्यांचे होते.

तरी खात्री करायला हवी होती. मानपाड्याजवळच्या एका लॅबमध्ये तिला नोकरी लागली, त्या दिवाळीत मोहन्याला गेली असताना तिने ट्रंकेतली तीच पितळी डबी गुपचूप उघडली. तळाशी वाळलेलं काजळ होतं. सुटीच्या दिवशी लॅबमध्ये बसून, वाट्या दोन रात्री आम्लात भिजवून, तिने ते तीनदा तपासलं. दर वेळी ब्लँक लावून. तिन्ही वेळा उत्तर एकच: आढळले नाही.

हे करायला तिला दोन रात्री आणि एक दुपार लागली. सांगायला साडेतीन वर्षं पुरली नाहीत.

आधी वाटलं, फोनवर नको, भेटल्यावर सांगू. भेटल्यावर वाटलं, आजी आता विसरलीय, कशाला उकरायचं. मग एक वाक्य सापडलं: तसंही बाळाच्या डोळ्यांत काजळ घालू नये, असं डॉक्टर सांगतातच. हे वाक्य खरं होतं. म्हणूनच त्याच्यामागे लपायला सोपं होतं.

आणि मग गेल्या पावसाळ्यात, गुडघे गेल्यावर, आजी चाळीतल्या खोलीला कुलूप लावून डोंबिवलीला राहायला आली. एके संध्याकाळी गॅलरीत बसून ती तांदूळ निवडत होती. रसिका कामावरून आली, बूट काढत होती.

“रसिका.”

“काय गं?”

“ते तुझं मशीन असतं ना. ते कधी चुकतं का?”

खालच्या रस्त्यावर एक ट्रक मागे येत होता, त्याचा पीं-पीं आवाज. रसिकाने बुटाची नाडी सोडली. ती गाठ नव्हती, तरी तिला वेळ लागला.

“मशीन चुकत नाही, आजी,” ती म्हणाली.

“हं,” आजी म्हणाली. “मग बरं.” आणि एक खडा वेचून तिने कठड्यावर ठेवला.

मशीन चुकत नाही. अगदी बिनचूक उत्तर. मशीनने वाटीत जे होतं तेच सांगितलं होतं. इतकं काटेकोर खोटं रसिका आयुष्यात दुसरं कुठलं बोलली नव्हती, आणि ज्या बाईने तिला ‘शोध आणि मला सांग’ म्हणून वाढवलं, तिच्याशी बोलली होती.

*

“आसावरी आली नाही,” सुमती डब्याला झाकण लावत म्हणाली. बायका उठून निरोप घेत होत्या. “सगळ्यांकडे पान गेलं. तिच्याकडे राहायला नको. आईंनी राहू दिलं नसतं. जाशील?”

रसिकाने डबा घेतला. ठमाबाईंनी ट्रंक आवरून ठेवली होती, कागद मात्र फोटोला टेकवून उभा केला होता, प्रशस्तिपत्रक असावं तसा. रसिका दारापर्यंत गेली. परत आली. कागद उचलला आणि डब्याच्या खाली धरला.

“तो कशाला गो?” ठमाबाईंनी विचारलं.

“आणते परत.”

नऊ नंबरचं दार उघडंच होतं. आत मृणाल जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. सात वर्षांची. तिने मान वर करून पाहिलं. “या साहेब,” ती म्हणाली आणि पुन्हा रंगवायला लागली.

आसावरी ओट्याकडून हात पुसत आली. “रंगूआजीची सवय. दारात कुणी आलं की हेच. पोस्टमनलापण.” तिने डबा घेतला, ओट्यावर ठेवला. “बस ना. मी आले नाही गं. राग नाही आता. पण तिथं सगळ्या रडणार, आणि रडता रडता माझ्याकडे बघणार. मला ते नको होतं.”

“आसावरीताई, मला तुला काहीतरी सांगायचंय.”

“बोल.”

रसिकाने कागद पुढे केला. पाठ करून आल्यासारखी ती सुरुवातीपासून सांगायला लागली. वाट्या, आम्ल, सुरमा, दोन रीडिंगमधला फरक, ब्लँक म्हणजे काय. आसावरी ऐकत होती, कपाळाला आठी घालून. मग तिने हात वर केला.

“असं नको. मला ते कळत नाही. सरळ सांग. त्यात शिसं होतं का नव्हतं?”

“नव्हतं.”

मृणालच्या खडूचा आवाज तेवढा येत होता.

“तुला कधी कळलं?”

“साडेतीन वर्षं झाली.”

“तिला सांगितलंस?”

“नाही.”

आसावरी खाली बसली. ओट्याला पाठ लावून, पाय जवळ घेऊन. उजव्या हाताचं मधलं बोट ती अंगठ्याने चोळत होती. आपण ते करतोय हे तिला कळत नसावं.

“डबी ती द्यायची,” ती म्हणाली, “पण काजळ मी घालायचे. ह्या बोटानं. रोज, अंघोळ झाली की. सासूबाई अजून बोलतात, तुझ्याच हातानं घातलंस तू. कल्याणला त्या मॅडमकडे मी हिला घेऊन जायचे ना, बोलायला शिकवणाऱ्या. त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलेलं मी, काजळामुळे झालंय, माझ्यामुळे. त्या बोलल्या, असं कशावरून? मी बोलले, रिपोर्ट आहे.” तिने मृणालकडे पाहिलं. “मग हिचं कशामुळे झालं?”

“ते मला माहीत नाही. कुणी सांगू शकेल का, तेही माहीत नाही. काजळात शिसं नव्हतं, एवढंच मी सांगू शकते.”

“एवढंच.”

“हो.”

“नळावर मी तिला काय बोलले, माहितीय? मी बोलले, तुझे हात झडतील. तुझ्या आजीला. बोलली असती ना एक शब्द उलटून, तरी मला बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी परत इथं दारात. काय साहेब, आज काय बोलता? मी दार लावून घ्यायचे तोंडावर. तर ती दाराशी बोलायची. अर्धा अर्धा तास. भाजी काय केली, कोण आजारी आहे, ओटीवरची सायकल कशी गंजतेय. ही आतून कान लावून बसायची.” आसावरीने डोळे पुसले नाहीत, ते तसेच राहू दिले. “मला वाटायचं, पाप फेडतेय.”

“आसावरीताई, मला माफ...”

“नको.” आवाज मोठा नव्हता. “मला नको सांगूस ते. मी माफ करायचं, का तिनं? ती तर गेली.” मग तिने रसिकाच्या हातातला कागद पाहिला, जणू आत्ता दिसला. “हा घेऊन ती पहिली इथंच आलेली. इथून सुरुवात केली, कारण हिच्या डोळ्यांत सगळ्यात ताजं गेलेलं. हे असं धरून उभी होती. माझ्या नातीनं शोधलं म्हणाली. बावीस खोल्या फिरली, आणि पुढे कुठं कुठं.”

रसिकाने कागद उलटा करून डब्याखालच्या हातात धरला.

“तू माझ्याकडे आलीस, ते ठीक केलंस,” आसावरी म्हणाली. “पण माझ्या एकटीकडे येऊन काय होणार? सासूबाईंना मी सांगितलं तर त्यांना वाटेल, मीच बनवून सांगतेय.”

“मी सांगते त्यांना.”

“त्या देवळात गेल्यात. सहापर्यंत येतील.” आसावरीने उठून डबा उघडला, खीर वाटीत काढली, मृणालसमोर ठेवली. डबा विसळला. रिकामा परत द्यायचा नसतो म्हणून त्यात मूठभर साखर घातली, आणि रसिकाच्या हातात दिला. तिच्याकडे न बघता.

*

बाहेर चार वाजताचं ऊन होतं. मांडवात तिचे बाबा खुर्च्या एकात एक घालत होते, मुंडण केलेलं डोकं घामाने चमकत होतं. अजून त्यांनाही सांगायचं होतं. आईला. ठमाबाईंना, ज्यांनी हा कागद फोटोला टेकवून ठेवला होता. आणि मग अटाळी, आंबिवली, शहाड. ती घरं कुठली, हे आता फक्त ठमाबाईंनाच थोडंफार माहीत असणार.

एक क्षण तिला वाटलं, फाडून टाकावा. तिने कागदाचे दोन कोपरे धरले आणि ओढलं. प्लास्टिक पांढरं पडलं, वाकलं, फाटलं नाही. सगळ्या बाजूंनी मार, आजीने सांगितलं होतं. पाण्यात पडला तरी अक्षर जाता कामा नये. वाकल्या ठिकाणी तिच्या नावावरून एक पांढरी वळी गेली, एवढंच. नाव वाचता येत होतं.

दहा नंबरचं दार लोटलेलं होतं. रसिकाने चपला काढल्या. कोबा तापला होता. तिने कडी वाजवली.

“कोण?” आतून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला.

“मी रसिका. रंगूबाईंची नात.”

“ती मशीनवाली?”

“हो. एक सांगायचंय. मी एक चूक केलेली, त्याचं.”

दार उघडलं. म्हातारीने तिच्या हातातल्या चमकणाऱ्या कागदाकडे पाहिलं, डोळे बारीक केले, आणि हात पुढे करून तो तिच्याकडून घेतला.

“थांब हां,” ती म्हणाली. “चष्मा आणते.”

ती आत गेली. खण उघडल्याचा आवाज आला, मग दुसरा खण. रसिका उंबऱ्याबाहेर उभी राहिली, तापल्या कोब्यावर, पाय न हलवता.